फुटबॉलची जादा शिकवणी : आधी मोजा, मग लावा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. परवा दळण घेऊन गेलो, तेव्हा गिरणीच्या मालकांनी पट्टा थांबवला आणि हात झटकत विचारले, "सर, एक विचारू? आमचं पोरगं चौदा वर्षांखालच्या टीममधनं बाहेरगावी मॅचला जातंय. सांगली झाली, मिरज झाली, आता पुण्याला न्यायचं म्हणतायत. पण गेल्या सहा महिन्यांत बॉल त्याच्या पायात राहीना झालाय. कोच म्हणाले, असंच चाललं तर बाहेर बसवावं लागंल. जादा क्लास लावू म्हणतोय. तुम्ही सायन्सचे. कुठला लावू सांगा की!"

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना या प्रश्नातील कळकळ कदाचित कळणार नाही. आमच्या गावात फुटबॉल हा नुसता खेळ नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे मूळची तालमींची. पण त्यांच्या संघांचा सामना शाहू स्टेडियमवर असला की पेठाच्या पेठा तिकडे लोटतात. त्यात २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघातून खेळला. तेव्हापासून प्रत्येक बापाला आपल्या पोराच्या पायात काहीतरी दिसू लागले आहे. मागणी आली की पुरवठा येतो. शाळेच्या आणि तालमीच्या सरावाखेरीज 'स्किल'ची जादा शिकवणी देणारे वर्ग आता ठिकठिकाणी निघाले आहेत.

गिरणीवाल्यांना मी लगेच उत्तर दिले नाही. कारण दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला पडला होता, आणि पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या मी त्याचे उत्तर अगदी अशास्त्रीय पद्धतीने शोधले होते.

माझी चूक

माझा मुलगा तेव्हा आठवीत होता. शाळेच्या संघात होता, पण उजव्या बगलेवरून पुढे जाताना चेंडू हातभर पुढे निसटायचा. मी एका वर्गाची चौकशी करायला गेलो. मुलांच्या अंगावर एकसारखे गणवेश, मैदानावर रंगीत शंकूंच्या रांगा, जमिनीवर अंथरलेली दोरीची शिडी, कुणाच्या कमरेला रबरी पट्टा, प्रशिक्षकांच्या गळ्यात शिट्टी. हे सारे इतके पद्धतशीर दिसले की मी तिथल्या तिथे तीन महिन्यांचे पैसे भरले.

प्रयोगशाळेत माझा विद्यार्थी वाचन न घेता निष्कर्ष लिहून आला, तर मी वही परत करतो. इथे मी स्वतः एकही वाचन न घेता निष्कर्ष लिहिला होता. तीन महिन्यांनी मुलगा शिडीवरून सुरेख नाचू लागला. सामन्यात मात्र चेंडू पूर्वीइतकाच निसटत होता, आणि त्याच्या गुडघ्याखाली दुखू लागले होते.

म्हणून माझे मत सुरुवातीलाच सांगतो. जादा शिकवणी वाईट नाही. पण ती लावण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात : मुलाची अडचण नेमकी काय आहे, शिकवणीच्या एका तासात त्याच्या पायाला चेंडू किती वेळा लागतो, आणि त्याच्या शरीरावर आधीच किती भार आहे. या तिन्ही गोष्टी घड्याळ, वही आणि मोजपट्टी एवढ्या साधनांनी तपासता येतात.

अडचण कौशल्याची की वाढीची?

गिरणीवाल्यांचा मुलगा साडेतेरा वर्षांचा आहे. "गेल्या सहा महिन्यांत" हे त्यांचे शब्द महत्त्वाचे आहेत. मुलग्यांची उंची साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी सर्वांत झपाट्याने वाढते. मुलींची त्याआधी दीड-दोन वर्षे. या काळात वर्षाला ८ ते १० सेंटिमीटर उंची वाढणे नवलाचे नाही. आता याचा चेंडूशी काय संबंध, ते पाहू.

पाय म्हणजे कमरेच्या सांध्याभोवती झुलणारा दांडा आहे असे समजा. तो फिरवणे किती जड जाईल हे केवळ त्याच्या वस्तुमानावर ठरत नाही. ते वस्तुमान सांध्यापासून किती दूर पसरले आहे यावरही ठरते. या राशीला जडत्वाचे परिबल म्हणतात. वस्तुमानाला अंतराच्या वर्गाने गुणून ते मिळते. समजा, मुलाचा पाय ८० सेंटिमीटरांचा ८४ झाला, म्हणजे लांबी ५ टक्क्यांनी वाढली. जाडी तेवढीच राहिली, तर वस्तुमान लांबीच्या प्रमाणात वाढेल आणि जडत्वाचे परिबल लांबीच्या घनाच्या प्रमाणात : १.०५ चा घन सुमारे १.१६. म्हणजे १६ टक्के वाढ! जाडीही त्याच प्रमाणात वाढली, तर वस्तुमान लांबीच्या घनाच्या प्रमाणात आणि परिबल पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढेल : सुमारे २८ टक्के. खरी वाढ या दोहोंच्या दरम्यान कुठेतरी असणार.

तात्पर्य, उंची चार बोटे वाढलेली दिसते, पण मेंदूला जो पाय चालवायचा असतो तो एकदम सव्वापट जड झाल्यासारखा होतो. उंची आधी वाढते. स्नायूंची ताकद तिच्या मागून येते. मधल्या काळात मेंदू जुन्या पायाच्या हिशेबाने हुकूम सोडतो आणि नवा पाय ते जरा उशिरा पाळतो. चेंडू निसटतो. घरचे म्हणतात, "लक्ष नाही." कोच म्हणतात, "टच गेला." मुलगा मनात म्हणतो, "मला येत नाही." खरे तर तिघेही चुकलेले असतात.

अशा मुलाला जादा वर्गाची गरज असेलच असे नाही. त्याला काही महिन्यांचा अवधी आणि चेंडूशी रोजची साधी ओळख हवी असते. म्हणून पहिले वाचन उंचीचे घ्या. दर महिन्याच्या एक तारखेला दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करा. रेषा भराभर वर चढत असतील, तर संघातून बसवण्याची घाई करू नका. क्रीडाशिक्षकांनाही माझी हीच विनंती आहे. एकाच वयोगटात जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा यांच्यात जवळजवळ एका वर्षाचे अंतर असते. थोराड मुलगा आज उजवा दिसतो म्हणून तो जास्त कुशल आहे असे ठरत नाही.

तासाचे पैसे, मिनिटांचा सराव

आता दुसरे वाचन. ज्या वर्गात मुलाला घालायचे आहे, तिथे एक दिवस कडेला बसा. एकच मुलगा निवडा आणि तासाभरात त्याचा पाय चेंडूला किती वेळा लागतो ते वहीत रेघा ओढून मोजा.

मी हे उशिरा केले, पण केले. वीस मुलांची एक रांग होती. पहिल्या मुलाने शंकूंमधून चेंडू न्यायचा, गोलात मारायचा, मग दुसऱ्याने निघायचे. एकाच्या पाळीला सुमारे १५ सेकंद. वीस मुलांना ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे. दर पाच मिनिटांनी एकदा पाळी. साठ मिनिटांतील पंधरा अंग गरम करण्यात आणि पाणी पिण्यात गेली. उरलेल्या ४५ मिनिटांत नऊ पाळ्या. नऊ गुणिले पंधरा म्हणजे १३५ सेकंद. मी तासाचे पैसे देत होतो आणि मुलाला सव्वादोन मिनिटे चेंडू मिळत होता. बाकीचा वेळ तो रांगेत उभा राहण्याचा सराव करत होता!

याच्याशी तुलना करा घराच्या मागच्या भिंतीची. पाच-सहा मीटरांवरून चेंडू भिंतीवर मारा, परत आलेला थांबवा, पुन्हा मारा. एका फेरीला तीन सेकंद धरले, तरी पंधरा मिनिटांत ३०० फेऱ्या होतात. भिंत कधी दमत नाही, रागावत नाही आणि फी घेत नाही.

मैदानातही हाच हिशेब लागू पडतो. एका चेंडूमागे बावीस खेळाडू असले, तर तासाभराच्या सामन्यात एकेकाच्या वाट्याला सरासरीने पावणेतीन मिनिटेही येत नाहीत. त्यातही चेंडू बाहेर जाण्याचा वेळ वजा. तीन विरुद्ध तीन असा खेळ अर्धा तास खेळलात, तर प्रत्येकाचा वाटा पाच मिनिटांचा होतो. ज्या वर्गात मुले सहा-सहाच्या गटांत खेळताना दिसतात, तो वर्ग रांगा लावणाऱ्या वर्गापेक्षा बहुधा चांगला असतो. मग तिथे गणवेश असो वा नसो.

घोटून पाठ, की बदलून पाठ?

"पण सर, शंकूंमधून शंभर वेळा गेलं म्हणजे पाय बसतोच की," असे कुणी म्हणेल. इथे विज्ञानाने एक मजेदार गोष्ट दाखवून दिली आहे.

१९७८ साली कर आणि बूथ या दोन संशोधकांनी आठ वर्षांच्या मुलांकडून छोट्या पिशव्या नेमक्या जागी टाकण्याचा सराव करून घेतला. एका गटाने नेहमी तीन फुटांवरच्या खुणेवर पिशवी टाकली. दुसऱ्या गटाने कधी दोन फुटांवर, कधी चार फुटांवर टाकली. तीन फुटांवर कधीच नाही. शेवटी परीक्षा तीन फुटांवर घेतली. कोण जिंकले असेल? तीन फुटांचाच सराव केलेला गट, असे आपण म्हणू. प्रत्यक्षात बदलत्या अंतरांचा सराव केलेली मुले सरस ठरली.

पुढच्याच वर्षी, १९७९ साली, शे आणि मॉर्गन यांनी हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली विद्यार्थ्यांना शिकवल्या. काहींनी आधी पहिली पूर्ण घोटली, मग दुसरी, मग तिसरी. काहींनी तिन्ही उलटसुलट क्रमाने केल्या. सराव चालू असताना पहिला गट वेगवान दिसला. पण दहा दिवसांनी पुन्हा पाहिले, तेव्हा उलटसुलट सराव केलेल्यांच्या लक्षात जास्त राहिले होते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. सराव करताना जे सफाईदार दिसते, ते शिकलेले असतेच असे नाही. शिडीवर सुरेख नाचणारा माझा मुलगा शिडीवर नाचणे शिकला होता. सामन्यात पुढे शंकू नसतो; माणूस असतो, आणि तो हलतो. तो डावीकडे झुकला हे पाहून उजवीकडे जायचे, हा निर्णय शंकू कधीच शिकवत नाही. म्हणून शिकवणी पाहायला जाल तेव्हा विचारा : मुलाला इथे काही ठरवावे लागते का? समोर अडवणारा कुणी आहे का? अंतर, वेग, पाय बदलत राहतात का? मुले थोडी चुकताना, अडखळताना दिसली तर बिचकू नका. तिथेच शिकणे चालू असण्याचा संभव अधिक.

अगदी नवख्या मुलाला सुरुवातीला एकच गोष्ट सावकाश घोटावी लागते, हेही खरे. पण बाहेरगावी सामने खेळणारा मुलगा त्या पायरीवर राहिलेला नसतो.

मग प्रशिक्षक कशासाठी?

भिंत आणि गल्ली इतकी चांगली असेल, तर पैसे कशाला भरायचे? याचेही उत्तर आहे. भिंत चूक दाखवते, पण तिचे कारण सांगत नाही. ते सांगणारा जाणता डोळा मिळत असेल, तर फी जरूर द्यावी.

एक उदाहरण घ्या. मोठ्या फुटबॉलचे वजन नियमाप्रमाणे ४१० ते ४५० ग्रॅम असते, हिशेबाला ०.४ किलोग्रॅम धरू. तो सेकंदाला १० मीटर वेगाने आला, तर त्याची गतिज ऊर्जा २० ज्यूल होते. चेंडू थांबवायचा म्हणजे ही ऊर्जा काढून घ्यायची. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. पाय ताठ धरला आणि चेंडू २ सेंटिमीटरांत थांबवायला गेलात, तर सरासरी बल १००० न्यूटन लागते, आणि चेंडू थांबण्याऐवजी उडून जातो. पाय चेंडूबरोबर २० सेंटिमीटर मागे नेलात, तर तेच काम १०० न्यूटनांत होते आणि चेंडू पायाशी पाळीव मांजरासारखा बसतो. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे नेतात, तेच हे तत्त्व.

तुमचा पाय ताठ राहतो हे तुम्हाला स्वतःला दिसत नाही. बघणाऱ्याला दिसते. "येणाऱ्या चेंडूला पायानं वाट दे" एवढे एक वाक्य योग्य वेळी सांगणारा प्रशिक्षक शंभर शंकूंपेक्षा मोलाचा. त्याची ओळख सोपी आहे : महिनाभराने त्याला विचारा, "माझ्या मुलाची एक कमतरता सांगा." त्याने नेमकी सांगितली, तर तो पाहतो आहे. "छान आहे, मेहनत घेतोय" एवढेच म्हणाला, तर तो हजेरी घेतो आहे.

भाराचे गणित

तिसरे वाचन सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच आपण घेत नाही. माझ्या मुलाच्या आठवड्याचे तास मी गुडघा दुखू लागल्यावर मोजले. शाळेचा सराव सहा तास, तालमीचा चार, रविवारचा सामना प्रवासासह अर्धा दिवस, आणि वर ही शिकवणी चार तास. सुट्टीचा दिवस एकही नाही.

डॉक्टरांनी गुडघ्याखालच्या हाडाचा उंचवटा दाबून पाहिला आणि सांगितले, की मांडीच्या पुढच्या स्नायूची ओढ जिथे नडगीच्या हाडाला लागते, तिथले हाड वाढत्या वयात अजून मऊ असते. उड्या, धावणे, चेंडू मारणे अति झाले की ते दुखावते. १९०३ साली ऑसगुड आणि श्लॅटर यांनी याचे वर्णन केले, म्हणून त्यांचेच नाव या दुखण्याला मिळाले. बहुतेकांना वाढ पूर्ण झाल्यावर ते थांबते. पण त्यासाठी भार कमी करावा लागतो, आणि "दुखलं तरी खेळ" हा आपला मर्दानी सल्ला तिथे उलटा पडतो.

क्रीडावैद्यकात एक सोपा नियम सांगतात : मुलाचे वय जितकी वर्षे, त्याहून जास्त तास आठवड्याला शिस्तबद्ध खेळ नको. तेरा वर्षांच्या मुलाला तेरा तासांची मर्यादा. आठवड्यात निदान एक दिवस पूर्ण विश्रांती, आणि रात्री आठ ते दहा तास झोप. तेव्हा जादा शिकवणी लावताना 'किती वाढवू' याबरोबर 'काय कमी करू' हेही ठरवले पाहिजे.

गल्ली कुठे गेली?

एक गोष्ट मनात सलते, ती सांगतो. आमच्या लहानपणी गल्लीत चार विटा मांडून संध्याकाळी जो खेळ चालायचा, त्यात वर सांगितलेले सारे होते : थोडे गडी, बदलती अंतरे, अंगावर येणारा थोराड दादा, आणि दमलो की घरी जाण्याची मुभा. शिकवणारे कुणी नव्हते, पण शिकणे होते. आता त्याच गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात. गल्लीने फुकट दिलेले आज आपण तासावर विकत घेत आहोत, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला ते मिळतच नाही. मुलींना तर ती गल्लीही फारशी कधी मिळाली नव्हती. एखाद्या मुलीला चांगला वर्ग हेच एकमेव मैदान असेल, तर तिच्या पालकांनी माझा हा लेख बाजूला ठेवून तिला खुशाल पाठवावे.

शिक्षकांनी मनावर घेतले, तर शाळा सुटल्यावर मैदान एक तास उघडे ठेवता येईल. तीन-तीनचे संघ, जुने चेंडू, कडेला एक शिक्षक. शिट्टी नसली तरी चालेल.

गिरणीवाल्यांकडे मी दुसऱ्या दिवशी गेलो आणि मुलाची उंची विचारली. आईने दाराच्या चौकटीवर दिवाळीत केलेली खूण होती. मुलगा तिच्यापेक्षा पाच सेंटिमीटर वर गेला होता. आम्ही तिघांनी बसून तास मोजले. ते चौदा भरले. वर्ग लावायचाच असेल तर आठवड्यातून एकच दिवस, लहान गटाचा, आणि त्या बदल्यात दुसरा एक सराव बंद, असे ठरले. रोज पंधरा मिनिटे गिरणीच्या मागची भिंत. कोचांना उंचीचा हिशेब दाखवायला मुलगा स्वतःच गेला. पुण्याच्या सामन्यात तो खेळेल की नाही, मला ठाऊक नाही. पण "मला येत नाही" हे वाक्य त्याने वहीत लिहिलेले नाही, त्याने लिहिले आहे, "पाय लांब झाला."

विद्यार्थी मित्रहो, तुम्हीही एक प्रयोग करा. भिंतीवर खडूने एक हात लांब, एक हात उंच असा चौकोन काढा. सहा मीटरांवरून वीस वेळा चेंडू मारा आणि किती वेळा तो चौकोनात लागला ते लिहा. मग वर्गातील मित्रांचे दोन गट करा. पहिल्या गटाने दोन आठवडे रोज सहा मीटरांवरूनच सराव करावा. दुसऱ्याने चार, पाच, सात आणि आठ मीटरांवरून, दोन्ही पायांनी, उलटसुलट. शेवटी आठवडाभर सराव बंद ठेवा आणि मग पुन्हा सहा मीटरांवरून मोजा. उत्तर माझ्या मतासारखे येईलच असे नाही. जे येईल ते लिहा, आणि मग जादा शिकवणीचे पैसे आईवडिलांकडे मागा.